दोन वेढे वेखंड

“वेखंड किती उगाळायचं, दगडाबाई?” सूर्यभानरावांनी कुडावरून विचारलं.

शेजारच्या दगडाबाई अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. “कुनाला द्यायचंय?”

“छकुलीला. खोकला झालाय म्हणून सून लिवायलीय. मस्कतहून.”

“सहाणंवर दोन येढे. जास्त न्हाई.” मग त्या हसल्या. “जल्मभर वखर धरला भावजी, आन् आता लेकराचं औषध लिवायलाव!”

“पत्र बायनाचं हाय. मी निस्ता लिवणारा.”

दगडाबाईंचं हसू गेलं. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

“किती दिस लिवणार असं?”

“बन्सीचा बाँड सुटेस्तोवर. फाल्गुनापस्तोर.”

बन्सीधर त्यांचा एकुलता एक. बोरीतून परदेशी गेलेला तो पहिलाच. बांधकाम कंपनीत सुपरवायझर होता. तीन वर्षांचा बाँड आणि पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. दुसऱ्या वर्षी त्यानं बायकोला, कमलला, आणि दोन्ही लेकरांना तिकडं नेलं. थोरला चार वर्षांचा, छकुली अंगावर पिणारी.

महिन्याभरात त्याचं पत्र आलं. ‘हिला इथं करमत नाही. घर तिसऱ्या मजल्यावर, अंगण नाही, बोलायला माणूस नाही. निमित्त मिळालं की लेकरं घेऊन परत येईन म्हणते.’

ती आली असती तर बन्सीही बाँड तोडून मागोमाग आला असता. सगळं मुसळ केरात गेलं असतं.

तेव्हापासून सासूची पत्रं मस्कतला जायला लागली. बायनाबाईला अक्षरओळख नव्हती. ती चुलीपाशी बसून बोलायची, सूर्यभानराव लिहायचे. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. मराठी मागून गिरवलेली, त्यामुळं ओळ डोंगर चढल्यासारखी वर जायची.

पोळ्याच्या महिनाभर आधीच थोरला ‘बैल कुठंयत?’ म्हणून रडला. पत्र गेलं, ‘कणकेचे बैल कर. खिडकीतच पूज. पुरणाचा घास थोरल्याच्या हातानं दे.’ त्याच पत्रात छकुलीचंही लिहिलं होतं. ‘तिला तेल चोळ आणि सकाळचा सूर्य कोवळा असेल तोवर गॅलरीत निजव.’

कमलचं उत्तर यायचं, ‘आत्याबाई, तुम्ही सांगितलं तसं केलं. जमलं.’ आणि खाली पुढचा प्रश्न असायचाच. दात येताना काय द्यावं? भाकरी चिरते, पीठ कसं मळावं? आता हा खोकला.

बायनाबाईला सगळं यायचं, पण माप कधी सांगायची नाही. “हाताला कळतंय की,” एवढंच म्हणायची. म्हणून दगडाबाईंना विचारावं लागायचं.

खोकल्याचं पत्र लिहून झालं. दगडाबाईंनी सांगितलेले दोन वेढे त्यांनी ठळक लिहिले आणि खाली रेघ मारली. मग ते ओट्यावर बसून राहिले. उन्हं कलली होती.

त्यांना पोखर्णी आठवली. लग्नानंतर दोघं नरसिंहाच्या पाया पडायला गेले होते. देवळाच्या दारात बायकांनी नव्या नवरीला अडवलं, नाव घे म्हणून. बायना घामाघूम झाली, पण तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं संसार झाला तरी तेच. सकाळी हाक मारायची, “नारायण कासराभर वर आला, उठा की!” रथसप्तमीला दगडाबाई मुद्दाम विचारायच्या, “बायने, आज पूजा कुनाची गं?”

“वरच्याची,” ती म्हणायची. “खालच्याची रोजच करायलेय.”

सूर्यभानराव एकटेच हसले. मग उठून पत्र टाकून आले.

माघात उत्तर आलं. नामांतराच्या मोर्च्यामुळं एस. टी. दोन दिवस बंद होती, म्हणून टपाल साचलं होतं. पोस्टमन चंद्रभान निळं पाकीट हातात देऊन घुटमळला.

“काका, दर येळी मावशीचं नाव असतंय. आज तुमचंच हाय.”

सूर्यभानरावांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. फाल्गुन अजून महिनाभर लांब होता. कमल निघाली की काय? एवढं सांभाळलेलं सगळं शेवटच्या महिन्यात फिसकटलं की काय? त्यांनी चष्मा पुसला आणि पाकीट फोडलं.

‘मामा, शिरसाष्टांग नमस्कार.

बाँड लवकर सुटला. होळीला आम्ही सगळे येतोय. दोन महिने राहून पुन्हा इकडंच येऊ. मला आता इथं करमतं. शेजारची केरळची बाई मला तिची भाषा शिकवते, मी तिला भाकरी थापायला शिकवलंय. थोरल्यानं कणकेचे बैल अजून जपून ठेवलेत.

यांना मी काही सांगितलेलं नाही. ऐकून बाँड तोडून निघाले असते. गावात आल्यावर तुम्हीच जवळ बसवून सांगा.

आत्याबाईंनी उभ्या जन्मात तुमचं नाव घेतलं नाही, मामा. आभाळातल्यालासुद्धा त्या नारायणच म्हणायच्या. पोळ्याच्या पत्रात “सूर्य” वाचला आणि त्या आता नाहीत हे मला कळलं. न्हाणीत नळ सोडून रडले.

तुम्ही ओट्यावर नुसते बसून राहाल याची भीती वाटायची. म्हणून विचारत गेले. छकुलीला खोकला कधी झालाच नव्हता.’