केसभर

"देवाच्या दारात काय, न् डॉक्टरच्या दारात काय, पारोसं जाऊ न्हाई," असं म्हणत साळूबाईनं सकाळीच अर्धवट गुंगीतल्या भागवतला स्टुलावर बसवलं आणि डोक्यावरून ऊन पाण्यानं आंघोळ घातली. पोराच्या मेंदूतली गाठ आज निघणार होती. हसनाबादहून आणलेला देवीचा अंगारा तिनं त्याच्या कपाळाला लावला, मग स्ट्रेचर आत गेलं.

भागवतच्या बापाचा, पुंजारामचा, जीव काही थाऱ्यावर नव्हता. आतून एक तरुण डॉक्टर बाहेर येताच त्यानं त्यांना गाठलं.

"साहेब, गाठ लई खोल हाय म्हणं. बराबर सापडंल ना?"

"काका, काम सुरू झालंय, काळजी करू नका. काल त्याच्या डोक्यावर गोल टिकल्या चिकटवून फोटो काढला ना, त्या टिकल्यांच्या जागेवरूनच मशीन आतला रस्ता दाखवतं. म्हणून तर त्या जराही हलू द्यायच्या नसतात. केसभरसुद्धा चूक होत नाही."

पुंजारामच्या जीवात जीव आला. त्यानं हात जोडले आणि बायकोकडं वळला. "ऐकलं का गं? केसभर बी चुकत न्हाई म्हणं!"

साळूबाई बंद दाराकडं बघत राहिली.

 

सकाळी पाण्याबरोबर मोरीत पडलेल्या त्या टिकल्या तिनं एकेक करून वेचल्या होत्या, पदरानं कोरड्या केल्या होत्या, आणि पोरगं चांगलं दिसावं म्हणून सारख्या अंतरावर परत चिकटवल्या होत्या.