खंडेनवमीचा हार

पडद्यावर प्रकाशाचं कडं टिकलं, तर शर्वाणीला पीएचडी मिळणार होती, सरांना शोधनिबंधावर पहिलं नाव आणि शिपाई बाबर मामांना परीक्षकांसाठी आणलेल्यांतला एक समोसा.

केसाएवढ्या काचेच्या फायबरवर तिने लेझरने बारीक खाचा पाडल्या होत्या. त्यांतून जाताना प्रकाशाने पीळ घ्यायचा आणि मध्ये काळोख ठेवून कडं व्हायचं, असं गणित होतं. सहा महिने प्रकाशाने हट्टाने दोन ठिपकेच दाखवले. खंडेनवमीला मामांनी यंत्रांची पूजा केली आणि त्याच दुपारी कडं उमटलं. तिने श्रेय खाचांना दिलं, सरांनी आपल्या मार्गदर्शनाला.

आज परीक्षक समोर बसले आणि पडद्यावर पुन्हा दोन ठिपके.

“मामा, टेबलाला हात लावलात?” शर्वाणी रडकुंडीला आली.

“सर म्हणाले, पाहुणे येतायत, सुकलेला हार काढा. फायबरवर होता तेवढा उचलला, ताई. बाकी देवाशपथ कशाला शिवलो नाही.”

तिने हाराच्या जागी फायबर बोटाने दाबलं. ठिपके जुळून कडं झालं. बोट उचलताच मोडलं.

“म्हणजे पीळ दिला तो झेंडूच्या वजनाने,” परीक्षक उठत म्हणाले. “खाचा पहिल्यापासून करा. चहा पुढच्या वेळी.”

“मी हिला तेव्हाच म्हटलं होतं,” सर म्हणाले, आणि छापायला पाठवलेल्या निबंधावरचं पहिलं नाव त्यांनी उदारपणे तिला देऊन टाकलं.

सहा महिने तिचे गेले आणि एक समोसा मामांचा. पुडा सरांनी घरी नेला.