हयातीचा दाखला

बँकेचा राघवेंद्र अंगठ्याचं मशीन घेऊन मुदखेडला जिलानीचाचांच्या घरी आला. रेल्वेतून रिटायर झालेले चाचा सहा वर्षांपासून खाटेवरच होते. पेन्शनसाठी ते जिवंत असल्याचा दाखला दर वर्षी लागायचा. त्यांच्या सुनेनं, साबेरानं, त्यांचा अंगठा पुसून मशीनवर टेकवला. पहिल्याच झटक्यात हिरवा दिवा लागला.

"माझंबी केवायसी करून द्या," साबेरा म्हणाली. "खातं बंद पडलंय."

तिच्या अंगठ्याला लाल दिवा लागला.

"केसाला घासा, तेल लागू द्या," राघवेंद्र म्हणाला. तिनं घासला. मग एकेक करून दहाही बोटं लावून झाली. दिवा लालच.

त्यानं वाकून तिचा तळवा पाहिला. "भाभी, बोटांवर रेघाच न्हाईत की."

"दिवसातून चारदा चादरी धुते, फिनाईलमधी."

"मशीन तुम्हाला मानत न्हाई. तुम्हीच साबेरा म्हणून सांगणारं दुसरं कोन हाय घरात?"

"हे हैद्राबादला असतात. अब्बाच हायत फक्त."

राघवेंद्र खाटेकडं वळला. "चाचा, ह्या कोन?"

जिलानीचाचांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग पायाशी जागा व्हावी म्हणून कसेबसे पाय आखडले आणि अदबीनं म्हणाले, "बसा बाई. आमची साबेरा आत चहा टाकून राहिली. येईलच आता."