सत्त्याण्णव टक्के

सर दोन नव्या डिस्क घेऊन आले तेव्हा ती प्रयोगशाळेतलं आपलं कपाट आवरत होती. असं कपाट माणूस एकदाच आवरतो, जायच्या वेळी. सरांनी ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. खोकी टेबलावर ठेवून त्यांनी तिला स्क्रू-ड्रायव्हर काढायला सांगितला.

इथे मुळांचे फोटो काढत. दोन काचांच्या मधे बी रुजवायचं आणि मूळ खाली कसं उतरतं ते मिनिटामिनिटाला टिपायचं. कॅमेऱ्याचं कार्ड एका जुन्या संगणकाशिवाय कुठेच चालत नसे, म्हणून तो संगणक मलमपट्टी करून जगवलेला. सरांचा दंडक एकच. प्रत्येक विद्यार्थ्याला एक डिस्क. ती भरली की प्रयोग संपले, प्रबंध लिहायला घ्यायचा. त्याआधी एक ओळही नाही. तिच्या आधीच्या दोघांपैकी थोरल्याला सहा वर्षं लागली होती, मधल्याला सात. त्यांच्या डिस्कखाली ‘धाकटी’ अशी चिठ्ठी लावलेली तिची डिस्क होती. चार वर्षं ती रोज सकाळी आधी तिचा आकडा बघायची आणि मग खांद्यावरची पिशवी उतरवायची. आज सत्त्याण्णव टक्के. शनिवारपर्यंत काम झालं असतं, सोमवारी नोकरीवर हजर होता आलं असतं, प्रबंध काय, संध्याकाळी घरी बसूनही लिहिता आला असता. कंपनीनं तारीख दोनदा पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा ढकलणार नाही, असं स्पष्ट कळवलं होतं.

सरांचं म्हणणं वेगळंच होतं. आधीच्या दोघांनी काळेपांढरे फोटो घेतले, हिनं रंगीत. त्यामुळे हिची डिस्क भराभर भरली आणि मुळं मात्र निम्मीच झाली. हा हिच्यावर अन्याय आहे. म्हणून ते स्वतः बाजार पालथा घालून आले होते. नोकऱ्या काय, कुठे पळून जातात, असंही जाता जाता म्हणाले.

तिनं संगणकाच्या पेटीची बाजू उघडली. धुळीचा लोळ निघाला. आत वीजपुरवठ्याची एकच वायर मोकळी होती आणि डिस्क दोन. तिनं ती वायर सरांना दाखवली, जरा आशेनंच. सरांनी खिशातून एकाची दोन करणारी जोडवायर काढली. आत बसवायला जागाच नाही, असं ती म्हणाली, तर शिपाईमामांनी पुठ्ठ्याची घडी घालून तळाशी झकास बैठक करून दिली. वर म्हणाले, "ताई, तुम्ही नुसतं नाही म्हणा, आम्ही सोय करतो."

संगणक सुरू केला. पडद्यावर जुन्या चार डिस्क आल्या, संगणकाची स्वतःची एक आणि तिघा विद्यार्थ्यांच्या तीन. नव्या दोन्ही नाहीत.

सरांनी केबल बदलून पाहिल्या. बंद करून पुन्हा चालू केला. तीनदा तेच. तिला कारण ठाऊक होतं. डिस्क जोडायचे शेवटचे दोन पोर्ट वेगळ्या चिपवर होते आणि मुळातच बंद असायचे. पहिल्या वर्षी तिनं या संगणकाचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी वाचलं होतं. इथे आणखी कुणीच ते उघडलेलं नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

सर खुर्चीत बसले. जमत नाही म्हणजे नाही, असं म्हणाले. शनिवारी शेवटचा फोटो घे आणि जा.

सोमवारची गाडी सकाळी सहाची होती.

मग सरांनी नोंदवही ओढली. एकानं नोंद करायची आणि ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं खाली सही करायची, ही इथली रीत. दोन ओळी लिहून त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. ‘दोन्ही डिस्क सदोष. परत कराव्यात.’

तिनं पेन टेकवलं. दोन कोऱ्या डिस्क, दोन्ही एकाच वेळी निकामी. असा निष्कर्ष पहिल्या वर्षी तिनं लिहून आणला असता, तर सरांनी कागद तोंडावर फेकला असता. आज तेच लिहून बसले होते. तिनं नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं. ते पुरं होईना.

"सर, डिस्क चांगल्या आहेत."

सरांनी चष्मा काढला. तिच्याकडे पाहिलं. "नक्की? नीट विचार करून सांग."

"अहो ताई, सर परत करा म्हणतायत ना," मामा खिडकीजवळून म्हणाले, "मग करू द्या की."

"पोर्ट बंद आहेत," ती म्हणाली. "चालू करावे लागतात."

अर्ध्या मिनिटाचं काम. संगणक पुन्हा सुरू झाला आणि सहाच्या सहा डिस्क ओळीनं हजर झाल्या. नव्या दोन्ही जुनीच्या दुप्पट मोठ्या होत्या; त्या तिनं आपल्या डिस्कला जोडून तिघींची एक केली. किती भरलं ते दाखवणारी पडद्यावरची लाल पट्टी निळी झाली आणि आखडत आखडत डावीकडे जाऊन थांबली. एकोणीस टक्के.

सरांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. नोंद दुरुस्त कर, एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

या वहीत खोडरबर चालत नसे, गिरगटही चालत नसे. चुकलेलं वाक्यसुद्धा मागून येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. तिनं पट्टी घेतली आणि आधी ‘सदोष’वरून, मग ‘परत कराव्यात’वरून एकेक बारीक, सरळ रेघ ओढली.