तिसरं ताट

“हा चिऊचा... हा काऊचा... बघ, लुई कसा शहाण्यासारखा जेवतोय!”

एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा घेऊन मीनल इराच्या खुर्चीमागे उभी होती. सहा वर्षांच्या इराने तोंड गच्च मिटून घेतलं होतं.

परदेशात, बुकित तिमाहमधल्या त्यांच्याच काँडोच्या इमारतीत दहाव्या मजल्यावर, एलोडीकडे शनिवारचं जेवण होतं. फ्रेंच शेजार, त्यात पहिलंच बोलावणं. पोरीने इथे तरी अब्रू राखावी, एवढंच मीनलचं मागणं होतं. जानेवारीत इरा पहिलीत जाणार. तिथे हिला भरवणार कोण, या विचाराने तिला घोर लागला होता.

“बघ ना लुईकडे,” ती पुन्हा म्हणाली आणि तिने स्वतःच तिकडे पाहिलं.

एलोडीचा तीन वर्षांचा लुई जेवत नव्हताच. पुढ्यात गाजराचा कीस, शेजारी पावाचा तुकडा, आणि पोरगं मांडीवर हात ठेवून बसलेलं. एलोडी आणि तिचा नवराही तसेच. श्रीनिवास, मीनलचा नवरा, नजर चुकवत होता.

“काही राहिलंय का आणायचं?” मीनलने घाबरून इंग्रजीत विचारलं.

“तू राहिलीस,” एलोडी हसून म्हणाली. “सगळे बसल्याशिवाय आमच्याकडे कुणी सुरुवात करत नाही.”

मीनल मटकन बसली. तिचे कान तापले होते.

मग दीड तास एकेक पदार्थ येत गेला. गाजर संपलं, मासा आला, चीज आलं, शेवटी पीच. लुईसाठी म्हणून वेगळं काही नव्हतं. कुणी त्याच्या मागे लागलं नाही, आणि तो सगळं खात होता! मीनल बघतच राहिली.

मागच्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या इंग्रज हॅनाकडेही ती अशीच थक्क झाली होती. इंग्रजांचं तंत्र अगदी उलटं. संध्याकाळी पाचलाच पोरांची पंगत, टोस्टवर बीन्स आणि मटार. सातला पोरं अंथरुणात, दिवे बंद. आठला नवरा-बायको निवांत जेवायला मोकळे. श्रीनिवासला तर ती थापच वाटली होती.

दोन घरांचं काही म्हणता काही जुळत नव्हतं. फक्त दोन्हीकडे आई बसून जेवत होती. मीनलला ओट्याशी उभं राहून संपवलेलं, इराच्या ताटलीतलं गार झालेलं उरलंसुरलं आठवलं, आणि तिला भरून आलं.

रविवारी दुपारी तिने पोळ्या आधीच करून डब्यात ठेवल्या. टेबलावर तीन ताटं मांडली, वाढून झालं, आणि सवयीने ती लिंबू आणायला वळली.

इराने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि शाळेत उचललेल्या इथल्या इंग्रजीत आईला बसायला सांगितलं. “आई, सिट लाह. कान्ट स्टार्ट.”

श्रीनिवासने उचललेला घास परत ताटात ठेवला. “बस गं. लिंबू राहू दे.”

मीनल बसली. इरा आपल्या हाताने वरणभात कालवायला लागली, पण मीनलचं तिकडे लक्षच नव्हतं. ती स्वतःच्या ताटाकडे डोळे लावून बसली होती. सहा वर्षांनी तिच्या भातावर तूप वितळत होतं.