दोन्हीकडे सारखं

नाशिक रोडच्या आमच्या स्टुडिओत भारतच्या लग्नाचा व्हिडिओ विंडोजच्या कॉम्प्युटरवरून मॅकवर सिंक होताना सारखा अडकत होता. त्याची आई सुलाबाई केव्हाच्या बसून होत्या. "माझा भारत लय उठून दिसतो ना?"

माझ्या नवऱ्यानं, नवनाथनं, फाइलचं लांबलचक नाव छोटं केलं आणि सिंक पूर्ण झालं.

मी मॅकवर व्हिडिओ लावला. नवरी हार घालत होती, पण समोर कोणीच नव्हतं. हार हवेत लोंबत होता.

विंडोजवर मात्र भारत मान वाकवून हार घेत होता.

"सिंक दोन्हीकडे सारखं करतं, इकडचं तिकडं जाईल, वायर काढ!" मी ओरडले.

नवनाथनं दोन्ही कॉम्प्युटर जोडणारी वायर उपटली. तरीही विंडोजवरचा भारत पुसट होत गेला.

सुलाबाईंनी चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे पाहिलं.

"छान झालंय. कुणाचं लगीन हाय हे?"