मधला खांब

तुळई आणि दाराची चौकट यांच्यात एकेचाळीस सेंटिमीटर दोन मिलिमीटर अंतर होतं. काल तेवढंच होतं, परवाही तेवढंच. तिने आकडा वहीत लिहिला आणि पेन्सिल कानामागे खोवली.

तुळईखाली तिचा नवरा उभा होता. दोन्ही हात वर, तळवे लाकडाखाली. आज बारावा दिवस.

झालं होतं ते असं. घर एका खोलीचं, लाकडी. पुढे छपराचा व्हरांडा काढायचा होता. एवढं लांब लाकूड मिळालं नाही, म्हणून पुढची तुळई दोन तुकडे जोडून केली. दोन टोकांना दोन खांब आणि मधल्या सांध्याखाली तिसरा. तो तिसरा सुताराने चार बोटं आखूड कापला, आणि हे कळलं तेव्हा तुळई वर चढलेली होती. "मी धरतो दोन मिनिटं, तू दुसरा काप," म्हणत नवरा मधे घुसला. तेव्हापासून तो तिथेच होता.

काम काही थांबलं नाही. सुताराने त्याच्या डोक्यावरून वासे टाकले, पट्ट्या मारल्या, पत्रे चढवले. रोज सकाळी तोच त्याची दाढी करून देई. ती घास भरवी. झोप तो उभ्यानेच काढी. पोस्टमन पत्रं त्याच्या खिशात खोचून जाई. ऑफिसातले तिघे भेटायला आले, खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसले आणि उठताना म्हणाले, "वहिनी, असा भक्कम माणूस मिळायला नशीब लागतं."

"दमला असाल हो," ती रोज म्हणे.

"छे गं. घराच्या काही तरी उपयोगी पडतोय."

बदली खांब तीनदा आला. पहिला त्याने लांबूनच बघून नापास केला, वाकडा म्हणून. दुसऱ्यात गाठी निघाल्या. तिसऱ्याला त्याने गाल लावून पाहिला आणि म्हणाला, "ओला आहे, उद्या पिळवटेल." सुतार खांब उचलून घेऊन गेला.

ती मापं घेत राहिली. तीस वर्षं पाण्याच्या प्रयोगशाळेत काढलेली, हाताला दुसरं काही सुचत नसे. शिवाय माप घेताना बोलावं लागत नाही, आणि तिला बोलायचं तर होतं. हे घर तिने स्वतःपुरतं बांधलं होतं. निवृत्त झाल्यावर इथे एकटीने राहायचं, हे तिचं सात वर्षांपूर्वीच ठरलं होतं. नवरा वाईट नव्हता. तो फक्त सतत असे. ती खिडकीशी गेली की खिडकीशी, पुस्तक उघडलं की पुस्तकावर वाकून, आणि आंघोळीला गेली की दाराबाहेरून विचारत, पाणी गरम आहे ना.

सांगायला म्हणून ती जेव्हा जेव्हा त्याच्यासमोर गेली, तेव्हा त्याच्या हातात काही तरी असे. एकदा गॅसचा सिलिंडर. एकदा नातीच्या सायकलचं सीट, नात सायकल शिकत होती. एकदा तिच्याच आईच्या स्ट्रेचरचं एक टोक. काही धरून उभ्या असलेल्या माणसाला असलं काही सांगता येत नाही, असं तिचं मत झालं होतं. आणि आता तर त्याने अख्खं छप्पर धरलं होतं.

चौथा खांब घेऊन सुतार आला, तेव्हा ती स्टुलावर चढून पुन्हा पट्टी लावत होती. एवढ्यात नवऱ्याला शिंक आली. एक नाही, तीन. तो कमरेतून वाकला, खांदे हिसकले, गुडघे लचकले. पट्टीवरचा आकडा अर्धा मिलिमीटरही हलला नाही.

ती आकड्याकडे बघत राहिली. जिवंत वस्तू बारा दिवस एकच माप देत नाही. सकाळचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस यांच्या उंचीत सेंटिमीटरभराचा फरक पडतो. हे तिला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

तिने वहीचं एक पान फाडलं आणि त्याचा तळवा आणि तुळई यांच्यामधे सरकवलं. पान एका बाजूने आत गेलं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आलं. चुरगळलंसुद्धा नाही.

"मिस्त्री," ती म्हणाली.

सुतार करवतीचे दात तपासू लागला. "ताई, सांध्याला वरून लोखंडी पट्टी मारलीय मी. जाडजूड. पहिल्याच दिवशी, चहाच्या आधी. मधे खांब नसला तरी काही होत नाही."

"आणि हे रोजचे खांब?"

"ते साहेबांनी आणायला लावले. म्हणाले, तू आणत जा, मी नापास करत जातो."

"तुम्हाला हसू नाही आलं?"

"पहिले दोन दिवस आलं, ताई. मग नाही आलं."

सुताराने चौथा खांब भिंतीला टेकवून ठेवला आणि काही तरी विसरल्यासारखा गाडीकडे निघून गेला.

ती स्टुलावरून उतरली. "अहो, हात खाली घ्या आता."

"नको."

"का?"

"खाली घेतले की तू बोलशील."

व्हरांड्यात भुशाचा वास होता. नवरा तिच्याकडे न बघता समोर बघत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"खाट एकच आणलीस तेव्हा," तो म्हणाला. "म्हटलं, छप्पर होईपर्यंत तरी असू दे मला इथे. मग छप्पर लवकर होऊ नये असं वाटायला लागलं."

तिने जवळ जाऊन त्याच्या शर्टावरचा भुसा झटकला. त्याचे हात वरच होते. ते खाली यायची वाट तिने पाहिली नाही.

"मी इथे एकटी राहणार आहे," ती म्हणाली.